‘माहीत असणं’ आधी की ‘वाटणं’ आधी? प्रयोगांचा ज्ञानमीमांसेशी नेमका काय संबंध

एमएला तत्त्वज्ञान घेतलेल्या एका मुलीने विचारलंय, की ज्ञान म्हणजे काय हा बसून विचार करण्याचा प्रश्न आहे, मग लहान मुलांवरचे, माकडांवरचे, आठवणींवरचे प्रयोग त्यात कशाला आणायचे, आणि प्रबंधात आणले तर परीक्षक म्हणणार नाहीत का की हे तत्त्वज्ञान नाही, हे मानसशास्त्र झालं?

मी बावीस वर्षं ज्ञानमीमांसा, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं आणि ते कशावर टिकतं याचा तत्त्वज्ञानातला विचार, शिकवतोय आणि सुरुवातीची सात-आठ वर्षं माझंही मत असंच होतं, त्यांनी त्यांचं काम करावं, आपण आपलं. ते मत कुठलं पुस्तक वाचून बदललं नाही, वर्गात एक साधी गोष्ट मराठीत सांगता येईना तिथून बदलायला लागलं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

पहिल्याच तासाला आपण व्याख्या सांगतो की ज्ञान म्हणजे खरा असलेला आणि ज्याला पुरेसा आधार आहे असा ‘बिलीफ’. आता या बिलीफला मराठीत काय म्हणायचं? विश्वास म्हटलं की मुलांच्या डोक्यात माणसावरचा भरवसा येतो. श्रद्धा म्हटलं की देव येतो. समजूत म्हटलं तर ती चुकलेलीच असणार असं वाटतं, कारण ‘ही तुझी समजूत आहे’ असं आपण कुणाला म्हणतो तेव्हा तो चुकतोय हेच सांगत असतो. शेवटी मी ‘वाटणं’ हा शब्द घेतला, म्हणजे तुम्हाला एखादी गोष्ट वाटते, ती खरी निघते, तसं वाटायला आधार असतो, की झालं ज्ञान. तर एक मुलगी उठून म्हणाली, सर, मला माझ्या आईचं नाव माहितीये, पण मला ते वाटत नाही ना. वर्गात सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, आणि उत्तर काही देता आलं नाही.

नंतर लक्षात आलं की मराठीत हा फरक क्रियापदातच बसलाय. ‘त्याला समजलं की दुकान बंद आहे’ म्हटलं तर दुकान बंद असायलाच पाहिजे, नाहीतर वाक्यच चुकलं. पण ‘तो असं समजत होता की दुकान बंद आहे’ म्हटलं की ऐकणारा लगेच म्हणतो, अच्छा, म्हणजे उघडं होतं तर. क्रियापद एकच, समजणं, पण ‘त्याला’ आलं की सत्य आत येतं आणि ‘तो’ आला की सत्य बाहेर जातं. (नुसत्या ‘ला’मुळे हे होतं असं नाही हां, ‘त्याला वाटलं’ मध्येही ‘ला’ आहे आणि तिथे सत्याची हमी नाही. पण या एका क्रियापदापुरता फरक अगदी स्वच्छ आहे.) आता प्रश्न असा की या दोनातलं मुळातलं कुठलं? आधी ‘वाटणं’ असतं आणि त्यात सत्य, आधार वगैरे घालून ‘माहीत असणं’ तयार होतं, की ‘माहीत असणं’ हेच आधीचं आणि साधं आहे?

पुस्तकातला हिशोब पहिल्या बाजूने चालतो. १९६३ मध्ये एडमंड गेटियरने तीन पानांच्या लेखात दाखवलं की बिलीफ खरा आहे, आधारही आहे, तरी ज्ञान नाही अशी उदाहरणं निघतात. हे आपल्याकडे फार आधी माहीत होतं, आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तत्त्वज्ञाचं उदाहरण आहे, मांस भाजायला नुकता विस्तव पेटवलाय, धूर अजून निघालेला नाही, वासाने किड्यांचा थवा वर जमलाय, लांबून बघणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो तिथे अग्नी आहे. अग्नी आहेच! पण त्याला हे ज्ञान झालं असं म्हणायला जीभ वळत नाही. गेटियरनंतर कित्येक वर्षं लोक चौथी अट शोधत बसले, एकही सगळ्यांना मान्य झाली नाही, आणि मग २००० साली टिमथी विल्यमसनने सरळ म्हटलं की ही बेरीजच सोडून द्या, ज्ञान हे सुट्या भागांतून जोडलेलं नाहीच, ती मनाची स्वतंत्र अवस्था आहे.

इथपर्यंत सगळं खुर्चीतलं. आता प्रयोग बघा.

१९८३ मध्ये विमर आणि पर्नर यांनी मुलांना मॅक्सीची गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, मॅक्सी परत आला की कुठे शोधेल? मोठी मुलं सांगतात, जिथे ठेवलं होतं तिथे. तीन-साडेतीन वर्षांची मुलं साधारणपणे चॉकलेट आता आहे तिथेच बोट दाखवतात. दुसऱ्याला ‘चुकीचं वाटतंय’ हे त्यांना धरता येत नाही. पण दुसऱ्या प्रयोगांत याच वयाची मुलं, दोघांपैकी एकाने डब्यात डोकावलं आणि दुसऱ्याने नुसता डबा उचलला असं दाखवलं तर आत काय आहे ते कुणाला माहितीये हे बरोबर सांगतात. म्हणजे दुसऱ्याला माहीत असणं किंवा नसणं कळतं, पण दुसऱ्याला चुकीचं वाटणं कळायला अजून वर्ष-दीड वर्ष जावं लागतं.

चिंपांझींचं त्याहून बोलकं आहे. २००१ मध्ये हेअर, कॉल आणि टोमासेलो यांनी एक दांडगा आणि एक दुबळा चिंपांझी समोरासमोर ठेवला, मध्ये खाणं लपवलं. दांडग्याने लपवताना बघितलं असेल तर दुबळा त्या खाण्याच्या वाटेला कमी जातो, बघितलं नसेल तर धावतो. म्हणजे समोरच्याला काय माहितीये याचा हिशोब तो ठेवतो. पण समोरच्याची दिशाभूल झालीय, त्याला भलतीकडे खाणं आहे असं वाटतंय, याचा फायदा चिंपांझींना घेता येत नाही असं त्याच गटाच्या २००८ च्या कामात दिसलं, आणि ऱ्हीसस माकडांवर २०११ मध्ये तसंच निघालं. हे सगळं एकत्र करून फिलिप्स, नोब, सँटोस आणि इतरांनी २०२१ मध्ये मोठा लेख लिहिला, त्याचं म्हणणं असं की मनाच्या आकलनात ज्ञान आधी येतं आणि बिलीफ नंतर, उत्क्रांतीतही आणि मुलाच्या वाढीतही.

माझ्या वर्गातली ती मुलगी बरोबर होती असं मला तेव्हा वाटलं, आणि अजून वाटतं.

पण इथेच घाई करू नका. पहिली गोष्ट म्हणजे हा पुरावा वादात आहे. २००५ मध्ये ओनिशी आणि बायार्जाँ यांनी पंधरा महिन्यांची बाळंसुद्धा नजरेवरून दुसऱ्याची चुकलेली समजूत ओळखतात असं मांडलं, नंतर अशा प्रकारचे बरेच प्रयोग पुन्हा करताना तसेच निघाले नाहीत, २०१६ मध्ये चिंपांझींसारख्या वानरांच्या नजरेचा माग काढून पुन्हा उलट बाजूचा पुरावा आला, म्हणजे दोर अजून दोन्हीकडून ताणलेला आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मूल ‘माहीत असणं’ आधी ओळखतं यावरून ‘माहीत असणं’ हे घडणीत साधं आहे असं आपोआप होत नाही. मूल पाणी आधी ओळखतं, हायड्रोजन नंतर शिकतं, तरी पाण्यात हायड्रोजन आहेच. विल्यमसनचे विरोधक नेमकं हेच म्हणतील आणि त्यांना ते म्हणायचा हक्क आहे.

मग प्रयोगांनी काय केलं? माझ्या मते त्यांनी पुराव्याचं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकलं. आधी गृहीत होतं की बिलीफ हा साधा, रोजचा, सगळ्यांना आधीपासून कळलेला घटक आहे आणि ज्ञान हे त्यावरचं बांधकाम. आता बिलीफलाच आधी स्वतःचा हिशोब द्यावा लागतो. आणि आपल्या प्रमाणशास्त्राने, म्हणजे ज्ञान कशातून होतं याच्या भारतीय विचाराने, बिलीफवरून सुरुवातच केलेली नाही, तिथे ‘ज्ञान’ म्हणजे घडणारी जाणीव, क्षणापुरती, खरी किंवा खोटी, आणि खरी असेल तर ‘प्रमा’. आपण इंग्रजी पुस्तकांच्या नादाने न्यायसूत्रांत बिलीफ शोधत बसलो आणि विद्यार्थ्यांची वर्षं फुकट घालवली याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरा मुद्दा आठवणीचा, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त काम इथेच आहे.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, म्हणजे न्यायदर्शनाच्या प्राथमिक पुस्तकात, स्मृतीची व्याख्या आहे, संस्कारमात्रजन्यं ज्ञानं स्मृतिः, म्हणजे फक्त संस्कारातून होणारं ज्ञान. अनुभवाचा ठसा उमटतो आणि तो जागा झाला की आठवण होते. पाश्चात्त्यांकडे १९६६ मध्ये मार्टिन आणि डॉइचर यांनी जवळपास असंच मांडलं, की मूळ अनुभवापासून आजच्या आठवणीपर्यंत ठशाची न तुटलेली साखळी पाहिजे.

आता हे ऐका. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एमरी विद्यापीठात नायसर आणि हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणी सांगितलं, काय करत होता. साधारण अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचं एकही उत्तर आधीच्याशी जुळलं नाही. एका मुलीने पहिल्यांदा लिहिलं होतं की वर्गात बसलेली असताना काहीजण येऊन बोलायला लागले, नंतर तिला पक्कं आठवत होतं की होस्टेलच्या खोलीत मैत्रिणीबरोबर टीव्ही बघताना कळलं. आणि चुकलेल्यांचा आत्मविश्वास कमी होता असंही नाही. मग त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला, तरी जुनं आठवलं असं एकानेही म्हटलं नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होतो, कारण वडील गेले त्या दिवसाची माझी आठवण मी कायम स्वतःची, खात्रीची मानत आलोय.

व्याख्येतला ‘मात्र’, म्हणजे ‘फक्त’, हा शब्द आता टिकत नाही, कारण ठशाबरोबर नंतर ऐकलेलं, असंच झालं असेल असं वाटलेलं, बाकीच्यांनी सांगितलेलं, सगळं आत मिसळतं. २००७ मध्ये हसाबिस, मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या, भूतकाळ न आठवणाऱ्या रुग्णांना नवा प्रसंगही नीट कल्पिता येत नाही, समुद्रकिनाऱ्याची कल्पना करा म्हटलं तर चित्र तुकड्या-तुकड्यांचं येतं. आठवणं आणि कल्पना करणं ही यंत्रणा बरीचशी एकच आहे असा याचा रोख. यावरून कर्क मायकेलियनसारखे तत्त्वज्ञ म्हणतात की आठवण ही एक प्रकारची भरवशाची कल्पनाच, ठशाची साखळी लागतच नाही.

मी तिथपर्यंत जात नाही. साखळी सोडली तर आठवणं आणि नशिबाने बरोबर निघालेली कल्पना यात फरक काय उरला? आपण धर्मोत्तराच्या किड्यांपाशीच परत आलो. प्रयोगाने ‘मात्र’ खोडला, ‘संस्कार’ खोडला नाही, असं माझं मत आहे आणि यावर कोणी माझ्याशी भांडायला तयार असेल तर मला आवडेल. पण बघा, भांडण आता किती नेमकं झालंय! पूर्वी आठवण प्रमाण की अप्रमाण एवढंच विचारायचो. आता विचारतो की आठवणीचा कुठला भाग, ढोबळ घटना की तपशील, किती दिवसांनी, मध्ये किती वेळा सांगून झाल्यावर. आल्विन गोल्डमनने १९७९ मध्ये मांडलं की बिलीफला आधार आहे की नाही हे तो कुठल्या प्रक्रियेतून आला आणि ती प्रक्रिया बहुतेक वेळा खरं देते का यावर ठरतं. हे मानलं की प्रक्रिया किती भरवशाची हे मोजल्याशिवाय सिद्धांत रिकामाच राहतो, आणि मोजायचं काम खुर्चीत बसून होत नाही.

स्वतःप्रामाण्याबद्दल, म्हणजे जाणीव स्वतःहूनच खरी धरायची का याबद्दल, थोडक्यात सांगतो, कारण बरेच विद्यार्थी यात अडकतात. मीमांसा दर्शनाचा कुमारिल भट्ट म्हणतो, जाणीव झाली की ती खरी म्हणूनच उभी राहते, खोटी ठरवायला बाहेरून कारण लागतं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारा, म्हणतो, खरेपणाही बाहेरूनच ठरतो, पाणी दिसलं, गेलो, तहान भागली, मग खरं. १९९० च्या आसपास डॅनियल गिल्बर्टने प्रयोगातून असं मांडलं की माणूस वाक्य समजून घेतानाच ते मान्य करतो आणि नाकारणं ही नंतरची, वेगळी मेहनत, मध्येच लक्ष विचलित केलं तर खोटं सांगितलेलं खरं म्हणून लक्षात राहतं. पुढे असंही दिसलं की सगळ्याच वाक्यांना हे लागू होत नाही. शिवाय २०१५ मध्ये लिसा फाझिओ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नुसतं पुन्हा पुन्हा कानावर पडल्याने वाक्य जास्त खरं वाटतं, आणि बरोबर उत्तर आधीच माहीत असलेल्या माणसालाही तसं वाटतं, त्यांच्या लेखातलं उदाहरणच आहे की साडी म्हणजे स्कॉटलंडचे लोक घालतात तो आखूड, चुण्यांचा स्कर्ट! साडी म्हणजे काय ते माहीत असलेला माणूसही अशा वाक्याला थोडा बळी पडतो. फॅमिली ग्रुपवर तेच फॉरवर्ड दहाव्यांदा आल्यावर काय होतं ते यावरून कळेल.

तर विद्यार्थी लगेच लिहितात की कुमारिल बरोबर ठरला. नाही. कुमारिल सांगतो की तुम्हाला ती जाणीव खरी धरण्याचा अधिकार आहे, गिल्बर्ट सांगतो की तुम्ही खरी धरता. एक अधिकाराची गोष्ट, एक सवयीची. आणि साडीचा प्रयोग घेतला तर उलट नैयायिकाची काळजीच जास्त योग्य वाटते. प्रबंधात जुन्या नावावर नवा प्रयोग चिकटवून ‘आपल्याकडे हे आधीच होतं’ असं लिहायचा मोह होतो, तो टाळा.

यातूनच तुमचा मूळ आक्षेप येतो, की काय आहे यावरून काय असावं हे कसं निघणार. क्वाइनने १९६९ मध्ये म्हटलं की ज्ञानमीमांसा हा मानसशास्त्राचाच एक भाग समजा, आणि जेगवॉन किमने १९८८ मध्ये त्याला उत्तर दिलं की मग ‘योग्य आधार’ हा विचारच गेला, आणि तो गेला तर ज्ञानमीमांसाच गेली. या भांडणात मी किमच्या बाजूने आहे. पण ‘असं असावं’ हा आदेश देतानासुद्धा ज्याला देताय त्याला तो पाळता येतो का हे बघावं लागतं. उदाहरण घ्या. सुसंगतिवाद म्हणतो तुमच्या सगळ्या समजुती एकमेकींशी सुसंगत पाहिजेत. क्रिस्टोफर चर्नियाकने १९८६ मध्ये हिशोब मांडला. समजा फक्त १३८ स्वतंत्र विधानं आहेत आणि सत्यता-कोष्टकाने, म्हणजे प्रत्येक विधान खरं किंवा खोटं धरून होणारी एकेक शक्यता एकेका ओळीत मांडून, ती सुसंगत आहेत का बघायचंय. ओळी होतात २ चा १३८ वा घात, म्हणजे साधारण ३५ वर ४० शून्यं एवढ्या. प्रकाशाला एक प्रोटॉन ओलांडायला लागतो तेवढ्याच वेळात एक ओळ तपासणारं यंत्र आणलं तरी विश्वाचं आजवरचं आयुष्य पुरत नाही. आणि आपल्या डोक्यात १३८ पेक्षा कितीतरी जास्त गोष्टी आहेत, नुसत्या स्वयंपाकघरातल्याच मोजा. मग ‘सगळं सुसंगत ठेवा’ हा आदेश कुणासाठी? सुसंगती चांगलीच आहे हो, पण ती कुठे तपासायची, किती तपासायची, कशावरून सोडून द्यायची हे माणसाचं लक्ष आणि स्मरण कसं चालतं हे बघूनच सांगावं लागतं.

एक इशारा मात्र देतोच, कारण मी स्वतः यात फसलोय. २००१ मध्ये वाइनबर्ग, निकल्स आणि स्टिच यांनी लिहिलं की गेटियरसारख्या उदाहरणावर पाश्चात्त्य विद्यार्थी ‘हे ज्ञान नाही’ म्हणतात आणि पूर्व आशियाई किंवा भारतीय उपखंडातल्या घरांतले विद्यार्थी बहुसंख्येने ‘ज्ञान आहे’ म्हणतात. मी हे तीन-चार वर्षं वर्गात आनंदाने सांगितलं, बघा, ज्ञानाची कल्पना संस्कृतीप्रमाणे बदलते. गट फार छोटे होते हे बघितलं नाही, आणि धर्मोत्तर तर आपल्याकडचाच, त्याला तर ते ज्ञान वाटलं नव्हतं, हेही सुचलं नाही. पुढे तोच प्रयोग इतरांनी केला तर फरक निघाला नाही, आणि २०१७ मध्ये माशेरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, ब्राझील, भारत आणि जपान इथे विचारलं तर चारही ठिकाणी बहुतेक लोकांना गेटियरसारखंच वाटलं. त्या आधीच्या बॅचच्या मुलांना मी जे सांगितलं ते चुकीचं होतं, दोघा-तिघांना नंतर फोन करून सांगितलं, बाकीच्यांपर्यंत पोचता आलं नाही.

आता परीक्षकांचं. ‘मानसशास्त्राने सिद्ध केलं की...’ अशी वाक्यं प्रबंधात असतील तर परीक्षक नक्की अडवतील, आणि अडवायलाच पाहिजे. तुमचं वाक्य असं पाहिजे की अमुक सिद्धांत अमुक गोष्ट गृहीत धरतो, अमुक प्रयोगामुळे ते गृहीतक डळमळतं, आता सिद्धांताला हे तीन मार्ग आहेत आणि मी तिसरा का घेते ते सांगते. यातलं पहिलं आणि शेवटचं काम पूर्ण तत्त्वज्ञानाचं आहे. विषय एकच घ्या, स्मृती घेतलीत तर उत्तम, मराठीत त्यावर नीट काम करायला भरपूर जागा आहे आणि तर्कसंग्रह तुम्हाला पाठ असेलच. आणि ज्ञान आधी की बिलीफ आधी यात शिरायचं असेल तर २०२१ चा तो लेख एकटा वाचू नका, त्याच्याबरोबर विरोधकांची उत्तरं आणि लेखकांचं प्रत्युत्तर एकत्रच छापलंय, ते आधी वाचा, मग लेख. वाचताना प्रत्येक ठिकाणी जिथे ‘know’ आणि ‘believe’ आहे तिथे मराठी वाक्य करून वहीत लिहा, ‘त्याला समजलं’ आणि ‘तो समजत होता’ यातलं कुठलं बसतं ते बघत जा, आणि जिथे दोन्ही बसत नाही त्या जागेवर खूण करून ठेवा.